सहा माश्यांचं पुस्तक

कोंबड्याकडे टक लावून उभा राहणारा ब्राह्मण मी जन्मात एकच पाहिला. अमरावतीच्या बाजारात कोंबड्या विकणाऱ्या बायका बसत, त्यांच्यासमोर हा माणूस उभा. काळी टोपी, कचेरीतला जुना लांब कोट, बगलेत छत्री आणि डोळे कोंबड्याच्या मानेवर. घरात चातुर्मासात कांदासुद्धा येत नव्हता, आणि हे इथं. एक दिवस बाई वैतागून म्हणाली, "घ्याचा असंन तं घ्या ना वो. तुमी इथं उभे रायले का गिऱ्हाईक म्हनते कोंबड्याले रोग हाय."

"कोंबडा नको बाई. मानेवरची पिसं हवीत. गळून पडली तर ठेवत जा."

"पिसाचं काय करता?"

"माशी करतो."

बाईनं शेजारणीकडे पाहिलं. शेजारणीनं कपाळाला बोट लावलं. बाजारात त्यांचं नाव माशीबुवा पडलं ते तेव्हापासून. तोंडावर सगळे तात्या म्हणत. मीही तोंडावर तात्या म्हणायचो आणि पाठीमागे माशीबुवा म्हणायचो. आता दोन्ही ऐकायला ते नाहीत, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही.

माझं शिक्षण मराठी चौथी. जातीनं माळी. बडनेऱ्याच्या वाटेवर आमचा लहानसा मळा होता. वांगी, मेथी, शेवंती, झेंडू. अंबादेवीच्या देवळाबाहेर मी आणि माझी बायको फुलं घेऊन बसायचो. मी फुलं मोजायचो, ती वेण्या बांधायची. तिच्यासारखा हात मी दुसऱ्या कोणाचा पाहिला नाही, आणि नवरा म्हणून सांगत नाही, माळी म्हणून सांगतो. ती जाऊन आठ महिने झाले. मी आता अकोल्याला जठारपेठेत मुलाकडे असतो. सून चांगली आहे, पण देवाला फुलं विकतची आणते आणि ती सैल बांधलेली असतात. तात्यांची गोष्ट हिला, म्हणजे माझ्या बायकोला, सोडून सांगता येत नाही, म्हणून हीही यात येणार.

आधी माशी म्हणजे काय ते सांगतो. लोखंडी गळावर पिसं आणि रेशमाचा धागा बांधून खोटी माशी करायची. लांब दांडीनं ती पाण्यावर टाकायची. माशाला वाटतं, खरीच माशी पडली, आणि तो तोंड घालतो. हा साहेब लोकांचा शौक. तात्यांची सगळी नोकरी कचेरीत इंग्रजीचं मराठी आणि मराठीचं इंग्रजी करण्यात गेली. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात, सगळे हुकूम नागपुराहून इंग्रजीत यायचे, आणि ते आमच्यापर्यंत पोचायचे ते तात्यांच्या हातातून. एक साहेब विलायतेला परत जाताना त्यांना आपली लाकडी पेटी देऊन गेला. तिच्यात गळ, रेशीम, मेणाचा गोळा आणि गळ धरून ठेवायचा बोटभर शिकंजा होता. तात्या पेन्शनीत निघाले आणि त्या पेटीला चिकटले. मासा मात्र त्यांनी जन्मात खाल्ला नाही. पकडायचा, त्याची माफी मागायची आणि सोडून द्यायचा. भोई लोक पोट धरून हसायचे.

मग डॉक्टरनं त्यांना सांगितलं की डोळ्यांत काचबिंदू आहे, नजर जाणार, फार तर एक वर्ष. दुसरा माणूस काशीला निघाला असता. तात्यांनी मुंबईहून टपालानं तीन इंग्रजी पुस्तकं मागवली. तिन्ही नवशिक्यानं माशी कशी बांधावी याची. त्यांतलं एक निवडून त्याचं मराठी करायचं, असं त्यांनी ठरवलं.

मी त्यांना विचारलं होतं, "काहून पण तात्या? हे वाचनार कोन इथं?"

"अरे, जन्मभर मी काय काय मराठीत आणलं माहीत आहे? सारा, दंड, जप्ती आणि तुरुंग. माझ्या हातचं मराठी वाचून या जिल्ह्यात एक माणूस हसला नाही. एक पुस्तक तरी गमतीचं करू दे. डोळे एका पुस्तकापुरते आहेत. चुकीचं निवडलं तर मेलो."

म्हणून निवड करण्याला इतकं महत्त्व होतं. तीनदा करून बघायला वेळच नव्हता.

पण चांगलं पुस्तक ओळखायचं कसं? त्यांची रीत त्यांची स्वतःचीच होती. ती कळण्यासाठी वरणाचा किस्सा सांगावा लागेल. त्यांची थोरली बहीण, माई, त्यांचं घर सांभाळायची. एकदा ती आठ दिवस कौंडण्यपूरला जत्रेला जाणार होती. तात्यांनी तिच्याकडून वरण कसं करायचं ते कागदावर उतरून घेतलं. माई परत आली तर हे चुलीपुढे बसलेले, पातेल्यात डाळ आणि पाणी, आणि आठ दिवस शेजाऱ्यांकडचं जेवण चालू.

"अरे, चूल कुठे पेटली आहे?"

"तू सांगितलंस कुठे चूल पेटव म्हणून? हा बघ कागद. डाळ धुवा, पाणी घाला, शिजू द्या."

"मेल्या, तेवढं कळत नाही तुला?"

"कळतं ग. पण जे सांगितलं नाही ते शिकणाऱ्यानं करू नये. केलं तर सांगणाऱ्याची चूक झाकली जाते. कचेरीत अशा झाकलेल्या चुकांवर माणसं आत गेलेली मी पाहिली आहेत."

माईनं चूल पेटवली आणि पुढं आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. तात्यांनी मात्र कागदावर पहिल्या ओळीच्या वर लिहिलं, 'चूल पेटवा.'

तर पुस्तकाची परीक्षा अशी. ज्याला काहीच येत नाही अशा माणसाला पुस्तक वाचून दाखवायचं. त्यानं सांगितलं तेवढंच करायचं. माशी नीट झाली आणि पाण्यात टिकली तर पुस्तक पास. त्यांना स्वतःला येत होतं, म्हणून ते चालत नव्हते. त्यांना हात चांगला पण अडाणी माणूस पाहिजे होता. एका दुपारी ते आमच्या फुलांसमोर उभे राहिले आणि हिच्या बोटांकडे अगदी कोंबड्याकडे बघावं तसं बघू लागले.

"बाई, हे कोणत्या पुस्तकावरून शिकलीस?"

"मायच्या चापटांवरून," ही मान वर न करता म्हणाली. तिचं माहेर नांदगाव खंडेश्वरचं, तिकडं बोलणं असंच.

"वाचता येतं?"

"नाई."

"कोंबडीच्या पिसाला हात लावशील?"

मी मध्ये पडलो. म्हटलं, तात्या, आम्ही देवाची फुलं बांधतो. ही मला म्हणाली, "तुमी चूप बसा. घरी कोंबडी कापते तवा पिसं कोन काढते, देव?"

दुपारी देऊळ बंद झालं की आम्ही दोघं तात्यांच्या ओसरीवर जाऊ लागलो. पहिलं पुस्तक जाडजूड, रंगीत चित्रांचं. एकेक माशी अशी की लग्नातल्या नवरीनं नाकात घालावी. तात्या एक ओळ इंग्रजीत पुटपुटायचे, मग मराठीत सांगायचे. "पीस गळावर ठेवा. आता नेहमीप्रमाणे बांधा."

हिनं नेहमीप्रमाणे बांधलं. म्हणजे कमरेच्या पिशवीतून केळीच्या खोडाचा ओला दोरा काढला, वेणीला मारते तशी आतल्या अंगानं अढी मारली आणि पीस गच्च बसवलं. पेटीतल्या रेशमाकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. माशी झाली ती चित्रापेक्षा सुंदर. तात्या खुश. मला माहीत होतं की इथं रेशीम लागतं, पण तात्यांनी मला तोंड उघडायला बंदी केली होती.

दुसऱ्या दिवशी सगळी वडाळीच्या तलावावर. तात्यांनी दांडी फिरवून माशी पाण्यावर टाकली. आता केळीचा दोरा ओला असतो तोवर घट्ट बसतो, वाळला की सुटायला लागतो. फुलं तोवर कोमेजतातच, म्हणून आम्हा माळ्यांना ते कधी कळतच नाही. माशी पाण्यावर पडली आणि पिसं चारी दिशांना तरंगत गेली. पुंजाजी भोई जाळं सोडवत काठावर बसला होता. तो म्हणाला, "देवाले वाह्यलं का वो तात्या? आरती बी म्हना मंग."

तात्यांनी नागडा गळ ओढून घेतला आणि आनंदानं म्हणाले, "नापास."

हिचं तोंड उतरलं. "मी नापास?"

"तू कशाला? पुस्तक नापास. 'नेहमीप्रमाणे' म्हणे. कोणाच्या नेहमीप्रमाणे? ज्याला नेहमी येतं तो पुस्तक कशाला घेईल?"

येताना ही मला म्हणाली, "मानूस येडा हाय, पन आपल्यावर रागवत नाई. तुमी पाय बरं, तुमाले जमते का असं."

दुसरं पुस्तक कोणा बड्या साहेबाचं होतं. पहिली साठ पानं मासे धरणारा माणूस कसा असावा यावर. त्यानं सकाळी काय खावं, नोकराशी कसं वागावं, कोणती दारू कधी प्यावी. तात्या इमानदारीनं सगळं सांगत होते. ही सुपारी कातरत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तात्या, हा मासे धरते का नवरदेव शोधते?"

मग त्यात माशीला लागणाऱ्या पक्ष्यांची यादी आली. एकही पक्षी वऱ्हाडात नाही. एकाचं पीस तर म्हणे थंडीच्या दिवसात, डोंगरावर, पहाटे पडलेलंच पाहिजे.

"आमच्याकडं कोंबडा हाय, पारवा हाय, मोर हाय," ही म्हणाली. "त्याच्या डोंगरावर कोन जाईन?"

तात्यांनी पुस्तक मिटलं. "न बांधताच नापास," म्हणाले, आणि ते पुस्तक माईला दिलं. माईनं ते लोणच्याच्या बरणीखाली ठेवलं.

तोवर सहा महिने उलटले होते. तात्या आता वाचताना पुस्तक नाकाला लावत. ओसरीवरून पायरी उतरताना छत्रीनं चाचपत. तिसरं पुस्तक उघडलं तेव्हा माई दारात येऊन उभी राहिली, एरवी ती यायची नाही. हेही नापास झालं असतं तर तात्यांचे डोळे फुकट गेले असते.

तिसरं पुस्तक दिसायला भिकार. पातळ, पिवळ्या पुठ्ठ्याचं, काळ्या रेघांची चित्रं. आत माश्या फक्त सहा. पहिल्या पानावर, तात्यांनी सांगितलं तसं, इतकंच होतं: सुरुवातीला सगळ्या माश्या एकाच साध्या कोंबड्याच्या पिसाच्या करा. रेशमाला मेण लावा. मेण का लावायचं तेही लिहिलं होतं. नाही लावलं तर पाण्यात सुटेल.

"पाहा बरं," ही म्हणाली, "हे आदी कोनी सांगतलं?"

पुढं होतं: 'इथे तुमचा धागा तुटेल.' आणि खरंच, तात्या ते म्हणतात न म्हणतात तोच हिच्या हातात धागा तुटला. ही चपापली. मी हसलो तर मला कोपर बसलं. पुढची ओळ होती: 'कारण तुम्ही रागाने ओढता आहात. तीन वेढे उलगडा. पुन्हा करा. पहिली माशी वाईटच होते, ती फेकू नका, दहाव्या माशीशेजारी ठेवून बघा.'

ही थांबली. म्हणाली, "तात्या, हे लिहिनारी बाई हाय."

तात्यांनी पुस्तक नाकाशी नेलं. "नाव नाही बाई. आडनावाआधी नुसती दोन अक्षरं आहेत."

"बाईच हाय. बाप्या सांगंन असं कर, तसं कर. चुकलं तं मंग काय, हे बाईच सांगते. तिनं कोनाले तरी बसवून शिकवलं हाय."

मी म्हटलं, विलायतेत बायका असलं करत नसतील. ही म्हणाली, "तुमाले काय मालूम विलायत? तुमी अकोल्याच्या पलीकडं गेले का कधी?" तेव्हा मी गेलो नव्हतो.

वडाळीच्या तलावात तिची माशी सकाळभर टिकली. तिला तीन बारके मासे लागले, तात्यांनी तिन्हींची माफी मागून ते सोडले. पुंजाजी म्हणाला, "तात्या, आता तं मासे बी वळखते तुमाले, फुकटचं खाऊन जाते." तात्यांना ऐकूच गेलं नाही. पुस्तक ठरलं होतं.

आता मराठी करायचं. तात्या सांगणार, मी लिहिणार, कारण कागदावर लिहिण्याइतकी नजर त्यांनी वाचण्यासाठी राखून ठेवली होती. माझं अक्षर त्यांनी नाकाशी नेऊन बघितलं आणि म्हणाले, "चिखलातून बदकं गेल्यासारखं आहे. चालेल, बदकं सरळ गेली आहेत." शब्दांवर रोज भांडण. त्यांना संस्कृत शब्द सुचायचे, मग ते स्वतःच वैतागायचे आणि हिला विचारायचे, "याला तुम्ही काय म्हणता?" ही म्हणायची, "अढी." लिही अढी. "हे?" "पीळ." लिही पीळ. "आणि ही दोन पिसं पाठीला पाठ लावून?" ही म्हणायची, "रुसलेले." मी लिहिलं, 'दोन पिसे रुसलेली ठेवा.' कचेरीत गेला असता तर तो कागद परत आला असता. तात्या दिवसभर ते म्हणून हसत होते.

पाच माश्या झाल्या. सहावी राहिली, सगळ्यांत अवघड, पंख उभे असलेली. त्या दिवशी तात्यांनी नेहमीसारखं पुस्तक उघडलं आणि सांगू लागले. मी लिहीत होतो, ही बांधत होती. तिसऱ्या ओळीला तिची माशी वाकडी झाली. तिनं उलगडली, पुन्हा बांधली, पुन्हा वाकडी. तिनं हात खाली ठेवले.

"तात्या, हे पुस्तकात नाई."

तात्यांनी पुस्तक नाकाच्या आणखी जवळ नेलं.

"त्या बाईनं इथं सांगतलं असतं का पंख पडंन. ते सांगतलं नाई. म्हंजे तुमी मनानं सांगून रायले."

मी पुस्तकाकडे पाहिलं. त्यांच्या हातात ते उलटं होतं. इंग्रजी मला येत नाही, पण चित्रातला गळ वर आणि पिसं खाली, एवढं कळतं.

तात्या म्हणाले, "पाचवी माशी झाली त्या रात्रीपासून. काळ्यावर काळं दिसतं." मग म्हणाले, "जन्मात पहिल्यांदा मी खोटा तर्जुमा केला."

माई आत भांडी आपटत होती, ती थांबली. ही उठली, त्यांच्या हातातून पुस्तक घेतलं, सुलटं केलं आणि शेवटची चित्रं उघडून मांडीवर ठेवली. सात चित्रं होती. ती म्हणाली, "अक्षरं मले दिसून बी कळत नाई, तुमाले दिसत नाई. आपन सारखेच. चित्रं हायेत. मी बांधतो, तोंडानं सांगतो, तुमी नीट करा, हे लिहितीन."

वऱ्हाडात बाया 'बांधतो, सांगतो' असंच म्हणतात. पुण्याची माणसं हसतात, हसू द्या.

नऊ दिवस लागले. ती बांधायची, चुकायची, कुठं चुकलं ते सांगायची. तात्या माशी बोटांनी चाचपून बघायचे आणि वाक्य करायचे. 'इथे पंख मागे पडेल. कारण तुम्ही घाईत आहात, घरी भाजी चिरायची आहे. ती नंतर चिरा.' हे इंग्रजीत नसणार याची मला खात्री आहे. तात्या म्हणाले, लिही, हे त्या बाईला पटेल.

वही पुरी झाली. मला वाटलं, संपलं. तात्या म्हणाले, "परीक्षा कोण देणार? मराठी पुस्तकाचीही घेतली पाहिजे." मी म्हटलं, अडाणी आता कुठून आणू? ही तर पक्की झाली, मीही ऐकून ऐकून शिकलो. तात्या हसले. "मी आहे ना. आंधळ्याला कुठं काय येतं? आता माझ्याइतका नवशिका अमरावतीत नाही."

छकडा जोडून आम्ही कौंडण्यपूरला वर्धा नदीवर गेलो. माई डबा घेऊन बरोबर, पुंजाजी हाकायला. काठावरच्या दगडावर शिकंजा ठोकला. मी वही मोठ्यानं वाचत होतो आणि तात्या सांगितलं तेवढंच करत होते. 'इथे तुमचा धागा तुटेल,' मी वाचलं, आणि तो तुटला. तात्या असे खदखदून हसले की माईनं वळून पाहिलं. 'कारण तुम्ही रागाने ओढता आहात,' मी वाचलं. "नाही रे, आनंदानं ओढलं," ते म्हणाले. "समासात लिही, आनंदानेही तुटतो." चार वेळा तुटला. पाचव्यांदा माशी झाली. एक पंख उभा, एक झोपलेला. अशी माशी मी जन्मात पाहिली नाही.

पुंजाजीनं त्यांना पाण्याकडे तोंड करून उभं केलं. तात्यांनी दांडी फिरवली. पहिल्यांदा झुडपात, दुसऱ्यांदा पुंजाजीच्या पागोट्यात. "मले काहून धरता बापा, मी काय मासा हाव?" तिसऱ्यांदा पाण्यावर. आणि दांडीचं टोक एकदम वाकलं.

तात्या दोन्ही हातांनी दांडी धरून उभे. तोंड उघडं, डोळे आभाळाकडे. "आहे," ते हळू म्हणाले. "आहे, आहे. केवढा?"

मी म्हटलं, "बोटभर."

ही म्हणाली, "हातभर हाय, तात्या."

"मी इथं उभा हाव, बोटभर हाय," मी म्हटलं.

"तुमाले दुरून काय दिसते? मी पान्यात हाव." आणि ती खरंच गुडघाभर पाण्यात गेली होती, लुगडं ओलं करून. तिनं मासा ओंजळीत धरला, तात्यांची बोटं गळावर नेऊन ठेवली आणि गळ काढवला. तात्यांनी माफी मागितली. मासा गेला, त्यामुळे दाखवायला काही उरलं नाही.

"पास," तात्या म्हणाले. मग तिथंच दगडावर बसून त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर माझ्याकडून लिहून घेतलं, कचेरीच्या भाषेत: 'लेखनिकाच्या म्हणण्याप्रमाणे मासा बोटभर, बांधणारीच्या म्हणण्याप्रमाणे हातभर. मासा पाण्यात सोडला आहे. ज्यास खात्री करणे असेल त्याने स्वतः पकडावा.'

घरी येईपर्यंत छकड्यात आम्ही दोघं भांडत होतो. नंतरही, चाळीस वर्षं, भाजीत मीठ कमी पडलं तरी तो मासा निघायचा. मी कधी मागे हटलो नाही. बोटभर म्हणजे बोटभर, मी डोळ्यांनी पाहिला होता. आता समोरून कोणी बोलत नाही, आणि एकट्यानं भांडता येत नाही. परवा नातवानं तात्यांनी आम्हाला दिलेली ती वही काढून विचारलं, आजोबा, खरं किती मोठा होता? मी त्याला हात कोपरापासून मोजून दाखवला.